मुंबईचें एज्युकेशन बोर्ड आणि त्याचे शाळा-अधीक्षक (इ. स. १८४० ते १८५५)

मुंबई इलाख्यांतील शिक्षणखात्याचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक इ. स. १८५५ पासून आरंभ करतात. वुडसाहेबाच्या १९ जुलै १८५४ च्या खलित्यास अनुसरून त्या वर्षीं डायरेक्टरची जागा निर्माण झाली, सी. जे. अर्स्किन हे पहिले डायरेक्टर झाले, आणि त्यापूर्वीं पंधरा वर्षें शाळांचा कारभार पाहणारें एज्युकेशन बोर्ड मोडलें. (हे अर्स्किन निराळे आणि बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी निराळे. नांवाच्या साम्यामुळें कित्येक लेखांत घोटाळा झालेला आढळतो, म्हणून आरंभींच सांगून ठेवतों.) बोर्डाविषयीं जें लिहिलें जातें तें बहुशः भाषावादापुरतें असतें : इंग्रजींतून शिकवावें कीं मराठींतून. परंतु हें बोर्ड आणि त्याच्या हाताखालील शाळांचे अधीक्षक व तपासनीस यांचा परस्परांशीं व्यवहार कसा चाले, ठरवी कोण, पाही कोण, आणि पाहिलेलें ठरविणाराच्या कानीं कितपत जाई, या अंगाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. भाषावादाचा निकाल जसा लागला तसा लागण्याचें एक कारण या व्यवहारांतच होतें, असें माझें मत आहे व तें पुढें मांडीत आहें.

एका शब्दाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणास ‘अध्यक्षप्रचार’ असें नांव दिलें आहे. त्यांतला अध्यक्ष म्हणजे सभेचा मुख्य नव्हे. सुवर्णाध्यक्ष, सीताध्यक्ष, गोऽध्यक्ष, नावध्यक्ष हे एकेका कामावर देखरेख करणारे सरकारी अधिकारी होत. अक्ष म्हणजे इंद्रिय, विशेषेंकरून डोळा. ज्याच्या डोळ्यांखालीं काम चालतें तो अध्यक्ष. पुढें मराठींत हा शब्द सभेच्या अग्रस्थानीं बसणाराकडे गेला, आणि प्रत्यक्ष देखरेख करणारासाठीं अधीक्षक हा शब्द योजावा लागला. त्यांतही ईक्ष् म्हणजे पाहणें हाच धातु आहे. अर्थात् शब्दाप्रमाणें पाहिलें तर दोघांचेंही काम पाहण्याचेंच. पण एकाची नजर कागदावर आणि दुसऱ्याची वर्गावर. बोर्डाच्या पंधरा वर्षांचा इतिहास या दोन नजरांच्या मेळाचा व बेमेळाचा आहे.

बोर्डाच्या पूर्वीं हें काम मुंबईची शाळा-पुस्तक मंडळी करीत होती. १८२२ सालीं ती स्वतंत्र झाली आणि १८२७ पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें ओळखली जाऊं लागली. एल्फिन्स्टनचा शिक्षणविषयक लेख १८२३ मधला, आणि मंडळीस सरकारची मदत मिळाली ती बहुतांशीं त्याच्या आश्रयामुळें. या मंडळीची घडण लक्षांत घेण्याजोगी आहे. समितीवर युरोपियन व एतद्देशीय असे दोन्ही सभासद असत, आणि सगळ्या कामाची दोरी चिटणिसाच्या हातीं असे. युरोपियन चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्विस. एतद्देशीय चिटणीस प्रथम सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे, आणि १८३२ पासून बाळ गंगाधर शास्त्री जांभेकर. जर्विस स्वतः गणिताचीं पुस्तकें मराठींत उतरविणारा, छत्रे व जांभेकर स्वतः ग्रंथकार. समितीपुढें येणारा प्रत्येक प्रश्न चिटणिसानें आधीं हाताळलेला असे. कोणतें पुस्तक मुलांस जड जातें, कोणता पंतोजी मोडी अक्षर चांगलें घटवितो, हें त्यास ठाऊक असे. १८२६ त मंडळीनें पढवून तयार केलेले चोवीस शिक्षक दक्षिण, कोंकण व गुजराथ या प्रांतांत पाठविले, तेव्हां निवडणारे व शिकविणारे बहुतेक तेच होते. ठरविणारा आणि पाहणारा यांत अंतर पडण्यास अजून वाव नव्हता. शाळा थोड्या होत्या हें त्याचें एक कारण. पण तें एकच नव्हे.

१८४० सालीं हें सर्व बदललें. सोसायटीच्या शाळा, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, पुण्याची विश्रामबागेंतील संस्कृत पाठशाळा व पुरंदर तालुक्यांत शॉर्ट्रेड यानें सुरू करविलेल्या शाळा या सर्वांवर एक बोर्ड नेमण्यांत आलें. एकट्या सोसायटीकडूनच चार इंग्रजी व ११५ जिल्हाशाळा त्याच्याकडे आल्या. अध्यक्ष व सहा सभासद मिळून सात असामी. त्यांपैकीं तिघे एतद्देशीय सभासद सोसायटीनें निवडावे व बाकीचे सरकारनें नेमावे, असा नियम होता. एतद्देशीय सभासद म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा. जर्विस बोर्डांत आला, पण सातांपैकीं एक म्हणून. पुढें इलाख्याचे तीन विभाग पाडून प्रत्येकावर एक युरोपियन इन्स्पेक्टर व त्याच्या हाताखालीं एक एतद्देशीय साहाय्यक, अशी व्यवस्था बोर्डानें केली.

ही व्यवस्था कागदावर नीट होती. बोर्ड मुंबईंत बसून धोरण, पैसा व नेमणुका पाहणार. इन्स्पेक्टर व त्याचा साहाय्यक फिरून शाळा तपासणार, अहवाल पाठविणार. परंतु त्या काळीं फिरणें म्हणजे काय हें ध्यानांत घेतलें पाहिजे. मुंबईहून ठाण्यापर्यंतची पहिली आगगाडी धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं, म्हणजे बोर्डाचें आयुष्य संपत आल्यावर. तोंपर्यंत घाट चढून जाणें घोड्यावरून किंवा पालखींतून, आणि कोंकणांत उतरणें गलबतांतून. पावसाळ्याचे चार महिने तर तेंही नाहीं. विभाग एवढे मोठे कीं तपासनिसाची एका गांवीं दुसरी खेप होईपर्यंत पहिल्या वर्गांतलीं मुलें शाळा सोडून शेतावर गेलेलीं असावयाचीं. अशा माणसाच्या अहवालांतील एकेक ओळ किती मोलाची, हें मुंबईच्या दिवाणखान्यांत बसून समजणें कठीण होतें.

बाळशास्त्र्यांचें उदाहरण घ्या. १८३२ च्या ६ जानेवारीस ‘दर्पण’ काढणारे म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. पण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापन, शाळांची तपासणी आणि १८४५ पासून शिक्षक तयार करणारा वर्ग, हीं त्यांचीं कामें पाहिलीं म्हणजे बोर्डास त्यांच्याइतका उपयुक्त मनुष्य दुसरा नव्हता हें दिसून येतें. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेंत त्यांनीं ताम्रपट व शिलालेख यांवर लेख लिहिले. शाळा तपासण्यासाठीं हिंडतांना जुन्या लेखांकडेही त्यांची नजर गेली असावी, असें अनुमान करण्यास जागा आहे, आणि आम्हां इतिहासवाल्यांस त्याचें विशेष अगत्य. १८४५ त ज्ञानेश्वरी छापली गेली ती त्यांच्याच परिश्रमानें. मुद्दा असा कीं, चिटणीस असतांना या मनुष्याचें मत समितींत प्रत्यक्ष ऐकूं येत होतें. तपासनीस झाल्यावर तें अहवालाच्या रूपानें, वरिष्ठ इन्स्पेक्टराच्या हातून, मग बोर्डाच्या चिटणिसाच्या टेबलावरून अध्यक्षाकडे जाऊं लागलें. दर्जा वाढला आणि आवाज क्षीण झाला. १८४६ च्या मे महिन्यांत ते ऐन उमेदींत वारले.

दुसरें उदाहरण मेजर थॉमस कँडी यांचें. मोल्सवर्थच्या कोशास हातभार लावणारे, मराठींत विरामचिन्हें रूढ करणारे कँडी हे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे अधीक्षक होते व शाळा तपासण्याचें कामही करीत. १८४० च्या सुमारास त्यांनीं जो अभिप्राय दिला तो सारांशानें असा : नवीन विद्या या देशांत आणण्यास इंग्रजीचें अध्ययन जितकें वाढेल तितकें हवें आहे, परंतु सामान्य लोकांस ती विद्या पोंचविण्याचें साधन त्यांची स्वतःची भाषाच होय, आणि त्या भाषेस सामर्थ्य व सौष्ठव येण्यासाठीं संस्कृताच्या भांडारांतून घेतलें पाहिजे. तीन भाषा, तीन कामें. एकीनें दुसरीची जागा घ्यावयाची नाहीं. माझें सारें शिक्षण संस्कृताच्या आधारानें झालें असल्यामुळें मला या अभिप्रायाचा पक्षपात असेल. वाचकांनीं तेवढें वजा करून घ्यावें. परंतु हें मत कोणत्याही सिद्धांतापासून निघालेलें नाहीं, तर पाठशाळेंतले शास्त्री, इंग्रजी शाळेंतले विद्यार्थी व खेड्यांतले पंतोजी असे तिघेही ज्यानें पाहिले त्याचें तें मत आहे, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं.

आतां बोर्डांत काय झालें तें पाहूं. १८४३ पासून सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, १८४७ पासून मुख्य न्यायाधीश. बुद्धि तीक्ष्ण, लेखणी भरधाव, कामाची चिकाटी विलक्षण. बोर्डाच्या वार्षिक अहवालांवर त्यांचा ठसा पानोपानीं दिसतो. त्यांचें म्हणणें असें कीं पैसा थोडा आहे, थोड्या पैशांत सर्वांस थोडेंथोडें शिकविण्यापेक्षां वरिष्ठ वर्गांतील थोड्यांस उत्तम शिकवावें, आणि उत्तम शिक्षण इंग्रजींतूनच देतां येतें. यावर १८४७ सालीं वाद पेटला. जर्विस, जो आतां कर्नल होता, त्यानें लेखी विरोध केला. सर्व ज्ञान परभाषेंत ठेवलें तर तें मूठभरांपाशीं कोंडून राहील व लोकांत आणि शिकलेल्यांत तट पडेल, असा त्याचा रोख होता. जगन्नाथ शंकरशेटांनीं १ मे १८४७ चें आपलें टिपण लिहून त्यास दुजोरा दिला : इंग्रजीचे फायदे आपणांस मान्य आहेत, तथापि लोकांत विद्याप्रसार व्हावयाचा तर तो देशी भाषेंतूनच होणार. इतर दोघेही एतद्देशीय सभासद त्यांच्याच बाजूस राहिले. पेरी व बाकीचे युरोपियन सभासद विरुद्ध. प्रकरण सरकारकडे गेलें. १८४८ त सरकारचें उत्तर आलें तें असें गुळमुळीत कीं दोन्ही पक्षांनीं तें आपल्याच बाजूचें मानलें, आणि कारभार ज्याच्या हातीं होता त्याच्या मताप्रमाणें गोष्टी चालू राहिल्या. कारभार अध्यक्षाच्या हातीं होता.

या वादाचे कागद परुळेकरांनीं संपादून १९५० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केले. (रा. वि. परुळेकर हे स्वतः मुंबई म्युनिसिपालिटीच्या शाळासमितीचे चिटणीस होते. समिति व तिचा अधिकारी यांच्यांतील नाजूक नातें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें, आणि कागदांची निवड करणाऱ्यास ही जाण असणें हा वाचकांचा मोठाच लाभ होय.) ते वाचतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन्ही बाजूंनीं युक्तिवाद भरपूर आहेत. न्यायाधीश न्यायाधीशासारखा बोलतो, इंजिनिअर इंजिनिअरासारखा, शेटजी लोकांच्या बाजूनें कळकळीनें बोलतात. परंतु प्रश्नाची मांडणी ‘इंग्रजी कीं देशी भाषा’ अशी दुपेडी झाली आहे. कँडींनीं सांगितलेली तिपेडी व्यवस्था तींत बसत नाहीं, म्हणून ज्याला जेवढी हवी तेवढी ती उचलली जाते. प्रत्यक्ष शाळा पाहणारे, पाहून मत देणारे अधिकारी वादाचे साक्षीदार झाले, पक्षकार झाले नाहींत. साक्षीदारास विचारलें तेवढेंच बोलावयाचें असतें; आणि कोर्टांत आयुष्य गेलेल्या अध्यक्षास ही पद्धति स्वाभाविकच वाटली असावी. कँडींनीं १८४० त जें सुचविलें त्याच्या जवळपास, म्हणजे उच्च शिक्षणास इंग्रजी व बहुजनांस देशी भाषा या तोडग्यावर, वुडचा खलिता १८५४ मध्यें आला. मधलीं चौदा वर्षें मंडळानें आपल्याच अधीक्षकाचें म्हणणें समोर असून वादांत घालविलीं.

पेरींवर सर्व दोष टाकणें मात्र अन्यायाचें होईल. त्यांच्या हातीं खरोखरच पैसा अपुरा होता. १८५२ त ते विलायतेस परत गेले तेव्हां लोकांनीं त्यांच्या नांवानें कायदेशास्त्राच्या अध्यापकाची जागा निर्माण केली, व १८५५ त त्यांतूनच मुंबईच्या सरकारी लॉ स्कुलाचा उगम झाला. लोकांस न आवडलेल्या माणसाचें असें स्मारक होत नसतें. दोष पद्धतीचा होता. इन्स्पेक्टराचा अहवाल सर्व सभासदांपुढें जसाच्या तसा वाचला जावा आणि त्यावर त्यास समक्ष विचारावें, अशी वहिवाट पडती तर शंकरशेटांच्या टिपणास गांवोगांवच्या शाळांचा पुरावा मिळता, आणि पेरींसही आपल्या म्हणण्याची कोर कोठें घांसावी हें कळतें.

याच पद्धतीचा दुसरा परिणाम नेमणुकांवर झाला. बाळशास्त्र्यांच्या मागून दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षकांच्या वर्गावर आले आणि मराठी शाळांची देखरेखही त्यांजकडे आली. १८३६ मध्यें ज्यानें मराठीचें व्याकरण लिहिलें त्याच्याहून या कामास योग्य कोण? तथापि १८५२ त दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरास गेले. पुढें त्यांनीं मुलकी कामांतही नांव मिळविलें, ही त्यांची थोरवी. पण ज्या खात्यांत उत्तम अधीक्षकास वर चढावयास पायरी नाहीं, त्यांतून तो मनुष्य दुसऱ्या खात्यांत जाणार, यांत नवल नाहीं. डेप्युटी कलेक्टराच्या शब्दानें एका दिवसांत होणारी गोष्ट शाळांच्या अधीक्षकानें सहा महिने लिहूनही होत नसे.

असें असूनही दोघांचा मेळ बसला म्हणजे किती काम होतें याचा दाखला बोर्डाच्याच अखेरच्या वर्षांत सांपडतो. अर्धस्वावलंबी शाळांची जी योजना निघाली, तींत गांवानें शाळेस घर द्यावें, पंतोजीच्या पगाराचा अर्धा वांटा उचलावा व बाकीचा सरकारनें द्यावा, असें ठरलें. ठराव बोर्डाचा, पण गांवच्या पाटील-कुळकर्ण्यांशीं बोलून चावडींत बैठक भरविणें, वर्गणीचे आंकडे मांडणें, पंतोजी जुना ठेवावा कीं नवा आणावा याचा निवाडा करणें, हें सर्व फिरत्या अधिकाऱ्याचें. बोर्डानें येथें मर्यादा ठरवून दिली आणि मर्यादेच्या आंत त्यास मोकळें सोडलें. संस्कृतांत योग व क्षेम असा भेद करतात : नाहीं तें मिळविणें हा योग, आहे तें राखणें हा क्षेम. योगाची जबाबदारी बोर्डानें घेतली व क्षेमाची अधीक्षकावर सोंपविली, तेव्हां काम चाललें. १८५५ नंतर नव्या खात्यानेंही ही योजना कांहीं काळ पुढें चालविली.

१८५५ च्या फेरबदलानें बोर्डाचा दोष गेला, परंतु बोर्डच गेलें. आतां डायरेक्टर, त्याखालीं इन्स्पेक्टर, त्याखालीं डेप्युटी इन्स्पेक्टर, अशी सरळ रांग झाली. पाहणाराचें म्हणणें ठरविणाराकडे जाण्यास वाट मोकळी झाली. मात्र जगन्नाथ शंकरशेट ज्या जागेवरून मुख्य न्यायाधीशाच्या तोंडावर विरुद्ध मत लिहूं शकत होते, ती जागा उरली नाहीं. मागचा हिशेब करतांना ही तूट सहसा मांडली जात नाहीं. पुढें १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलावर रुपयास एक आणा लोकलफंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणास मिळूं लागला, तेव्हां पैसा गांवकऱ्यांचा आणि हुकूम खात्याचा असा प्रकार झाला. १८८४ त लोकलबोर्डें झालीं. शाळा बोर्डाच्या, पण प्रत्यक्ष अंमल डेप्युटी इन्स्पेक्टराचा. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें लंबक दुसऱ्या टोंकास गेला. स्कूलबोर्डें स्थापन झालीं, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर हा अधिकारी स्थानिक संस्थेचाच नोकर झाला, आणि सरकारी तपासनीस बाजूस उभा राहून शेरे लिहूं लागला. ज्यांनीं नेमलें त्यांच्याच नातलग शिक्षकाची बदली करण्याचें धैर्य त्या ऑफिसरानें आणावें कोठून? १९३८ च्या दुरुस्तीनें तो पुन्हां सरकारी नोकर करण्यांत आला, १९४७ च्या कायद्यानें ही घडी पक्की झाली, आणि १९६२ च्या १ मेपासून जिल्हापरिषदा आल्यावर जिल्हा स्कूलबोर्डांचें नांवही मागें पडलें. या प्रत्येक वळणाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मूळ साधनांविषयीं दोन शब्द. बोर्डाचे छापील अहवाल उपलब्ध आहेत व परुळेकरांच्या खंडांनीं सरकारी दप्तरांतील निवडक कागदही सुलभ झाले आहेत; परंतु हे सारे ठरविणाराच्या बाजूचे कागद होत. पाहणाराच्या बाजूचे कागद म्हणजे गांवोगांवच्या शाळांतील शेराबुकें. मी तरुणपणीं ज्या शाळेंत प्रथम लागलों तेथील लांकडी कपाटाच्या तळाशीं एक जुनें शेराबुक होतें. त्यांत निरनिराळ्या साहेबांनीं व मास्तरांनीं छपराच्या एकाच वाशाबद्दल लागोपाठ अकरा वर्षें शेरा मारलेला होता. बाराव्या वर्षीं शेरा नव्हता. वांसा बदलला कीं शेरा मारणाराच थकला, तें त्यावरून समजेना. त्या शाळेची नवी इमारत झाली तेव्हां तें बुक रद्दींत गेलें. मी तेव्हां त्याची नक्कल करून ठेविली नाहीं, याची रुखरुख आज वाटते. पुणें, सातारा, रत्नागिरी व ठाणें या जिल्ह्यांत शंभर-सवाशें वर्षें ओलांडलेल्या शाळा पुष्कळ आहेत. त्यांच्या कपाटांतून एकोणिसाव्या शतकांतलें एखादें शेराबुक, मोडी लिपींतलें हजेरीपत्रक अथवा डेप्युटीसाहेबांच्या फिरतीचा कागद कोणास आढळला, तर त्यानें त्याची नक्कल मंडळाच्या दप्तरीं पाठवावी. मोडी वाचून देण्याचें काम मी करीन.